मी लिबरल आहे म्हणे, पण कुठली?

२०२५ च्या मे महिन्यातले भारत-पाकिस्तान लढाईचे ते चार दिवस आठवत असतील सगळ्यांना, ७ ते १० मे. आपल्याकडे नाशिकला लढाई म्हणजे नुसती टीव्हीवरची गोष्ट नसते, देवळालीला तोफखाना, ओझरला विमानं बनवणारी एचएएल, प्रत्येकाच्या नात्यात कोणीतरी आर्टिलरीत नाहीतर फॅक्टरीत. आमच्या फॅमिली ग्रुपवर तर त्या रात्री कोणी झोपलंच नव्हतं. काश्मीरमध्ये पहलगामला दहशतवाद्यांनी २६ माणसं मारली त्याचा राग मलाही होता, आजही आहे, आणि उत्तर द्यायला पाहिजे होतं हेच माझं मत होतं. पण मग जम्मूकडच्या सीमेवरच्या पूंछमध्ये पाकिस्तानच्या तोफगोळ्यांनी लहान मुलंसुद्धा गेल्याच्या बातम्या यायला लागल्या आणि मी ग्रुपवर एवढंच टाकलं की सीमेवरच्या गावांतली माणसं आधी हलवली होती का, हे कोणीतरी विचारायला पाहिजे. दोन मिनिटांत आतेभावाचा मेसेज, "आली लिबरल!" आणि त्याखाली धडाधड अंगठे.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या मैत्रिणीचा फोन. ती सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कामगार चळवळीत वीस वर्षं आहे, तिच्याबद्दल मला खरंच आदर आहे. तिला मी म्हणलं की हल्ला करणाऱ्यांच्या अड्ड्यांवर कारवाई करणं मला चूक वाटत नाही. तर ती म्हणली, "शेवटी तू लिबरलच गं, लढाई सुरू झाली की तुम्ही लोक सरकारच्या मागे जाऊन उभे राहणार."

म्हणजे एक जण मला लिबरल म्हणतोय कारण मी युद्धावर प्रश्न विचारला, दुसरी म्हणतेय कारण मी युद्धाला पाठिंबा दिला. माणूस तोच, आठवडा तोच.

आणि तिसरे आमचे निफाडचे काका. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेतले, छातीवर लाल बिल्ला लावून फिरलेले. त्यांना लिबरल शब्दाचं काही वाईट वाटतच नाही, ते स्वतःलाच लिबरल म्हणवतात. त्यांचा अर्थ सरळ आहे, माझ्या मालाला बाजार मोकळा पाहिजे, सरकारने मधे हात घालायचा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा ते म्हणले होते की दिल्लीत एकही लिबरल शिल्लक नाही. आतेभावाच्या लेखी लिबरल म्हणजे देशाचं वाईट चिंतणारा, आणि काकांच्या लेखी लिबरल म्हणजे निर्यात खुली करणारा. दोघं एकाच घरातल्या लग्नाला एका पंगतीत बसतात.

बाहेर बघितलं तरी हेच आहे. अमेरिकेत लिबरल म्हणजे साधारण डावीकडचा, सरकारने गरिबांसाठी खर्च करावा म्हणणारा. ऑस्ट्रेलियात लिबरल पार्टी हाच उजवा पक्ष. आपल्याकडे १९९१ ला उदारीकरण म्हणजे लायसन्स राज गेलं आणि त्याच मुळाचा उदारमतवादी हा शब्द मात्र वेगळ्याच माणसांना चिकटला.

पण मला वाटतं मराठीत आपला घोटाळा आणखी एका ठिकाणी झालाय. उदार म्हणलं की आपल्याला दानशूर, क्षमाशील, मोठ्या मनाचा असंच ऐकू येतं. आणि वर आपले पहिले मोठे उदारमतवादी, आमच्या निफाडलाच जन्मलेले न्यायमूर्ती रानडे आणि त्यांचे शिष्य गोखले, यांना आपण शाळेपासून "मवाळ" म्हणून शिकलो. समोर जहाल, इकडे मवाळ. परीक्षेला फरक स्पष्ट करा. म्हणून लिबरल म्हणजे मऊ, मऊ म्हणजे भित्रा, असं डोक्यात पक्कं बसलं, ते आतेभावाच्या मेसेजमध्ये दिसतं. पण मवाळ ही बोलायची तऱ्हा झाली. सरकारने माणसाशी काय करावं आणि काय करूच नये, हा उदारमतवादाचा प्रश्न आहे, आणि तो जहाल माणूससुद्धा विचारू शकतो.

आपल्याच गावाचं १९०९ साल घ्या. बाबाराव सावरकर, भगूरचे, त्यांनी कविता छापल्या म्हणून राजद्रोहाच्या खटल्यात जन्मठेप, काळं पाणी. कविता छापल्याबद्दल! नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सनच्या काळात ही केस उभी राहिली आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरमध्ये, त्याच्या निरोपासाठी लावलेल्या शारदा नाटकाच्या वेळी, अनंत कान्हेरेने त्याला गोळ्या घातल्या. कान्हेरे आणि कटातले त्याचे साथीदार कर्वे, देशपांडे, तिघांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. कान्हेरे विशीचासुद्धा नव्हता.

आता त्या वेळी लंडनमध्ये भारतमंत्री, म्हणजे भारताचा कारभार बघणारा ब्रिटिश मंत्री, कोण होता? जॉन मोर्ले. लिबरल पक्षाचा, उदारमतवादी विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलचा शिष्य म्हणवणारा, गोखल्यांना ज्याच्याकडून आशा होती, १९०६ मध्ये ते त्याला जाऊन भेटलेही होते. त्याच मोर्लेच्या काळात १९०७ ला लाला लजपतराय विना खटला ब्रह्मदेशात मंडालेला हद्दपार झाले, १९०८ ला टिळकांना ६ वर्षांची शिक्षा झाली, १९०९ ला बाबारावांना जन्मठेप. आणि खुद्द मिल? स्वातंत्र्यावरचं त्याचं पुस्तक १८५९ चं, पण त्याआधी ३५ वर्षं तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता आणि ज्यांना तो रानटी म्हणायचा त्यांच्यावर, त्यांच्या भल्यासाठी असेल तर, हुकूमशाहीच योग्य असं त्याने लिहून ठेवलंय. तर मैत्रीण जे म्हणते त्यात तथ्य आहे, लिबरल माणसांनी बंदुकीला खूपदा आपल्या शब्दांचा आधार दिलाय, व्हिएतनामचं युद्ध वाढवणारा अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सन घरात गरिबी हटवायचे कायदे करत होता. हे मी नाकारणार नाही आणि कोणी लिबरल म्हणवणाऱ्याने नाकारूही नये.

पण म्हणून त्या विचाराचं मोल संपतं असं मला वाटत नाही, उलट १९०९ मुळेच मला तो पटतो. मोर्लेची गफलत अशी की इंग्लंडमधल्या माणसाला जो हक्क तो भगूरच्या माणसाला द्यायची त्याची तयारी नव्हती. जिथे कविता छापली म्हणून माणूस अंदमानला जातो तिथे विशीच्या आतल्या पोराला बोलून काही होतं हे कोण पटवणार? कोणाचाही खून चूकच, जॅक्सनचाही, त्याला संस्कृत येत होतं, लोक त्याला पंडित म्हणायचे, आणि तो नाशिक सोडून निघालाच होता. हे सगळं मान्य करूनही मला त्या पोराचा राग येत नाही, बोलायची वाट ज्यांनी बंद केली त्यांचा येतो.

या बाबतीत मला सगळ्यात जवळचे वाटतात ते बाबासाहेब. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं, रामनवमीला रथाच्या वेळी त्यांच्यावर दगड पडले, तरी काही वर्षं ते लढले. आणि याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत सांगितलं की आता रक्तरंजित मार्ग सोडा, आणि सत्याग्रहसुद्धा सोडा, कारण आता घटनेची वाट उघडी आहे. अनेकांना हे भाषण आवडत नाही, मैत्रिणीला तर अजिबात नाही. पण त्यातलं कारण नीट बघा. वाट उघडी आहे म्हणून. म्हणजे ती उघडी ठेवणं हे सरकारचं काम झालं, आणि आपलंही.

आणि हे दोन्हीकडे लागू आहे हं. १९८० च्या कांदा आंदोलनात खेरवाडीला रेल्वे अडवणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं गेली, तो विषय निघाला की काकांचा आवाज आजही बदलतो. पण आमच्या बाजूचेच काही जण पोलिसांची गोळी मोजतात आणि आपल्या चळवळीतल्या कोणी बस जाळली, ड्रायव्हरचं डोकं फोडलं तर "जनतेचा उद्रेक" म्हणून सोडून देतात. त्या ड्रायव्हरलाही घर आहे. हे मी मैत्रिणीला तोंडावर सांगितलंय, ती चिडली, पण बोलणं तुटलं नाही.

तर मी अहिंसावादी नाही. हातात बंदूक घेऊन निरपराध माणसं मारणाऱ्यांना देशाने बळ वापरूनच थांबवावं लागतं, ते मला मान्य आहे. पण बळ माझ्या नावाने वापरलं जाणार असेल तर किती, कशासाठी, कुठपर्यंत आणि आपल्या माणसांची आधी काय सोय केली, हे विचारायचा हक्क मी गोळीबार सुरू असतानाही सोडणार नाही. पूंछची ती मुलं आपलीच होती. त्यांच्याबद्दल विचारणं देशाच्या विरोधात कसं जातं हे मला अजून कळलेलं नाही.

आतेभावाला हे सगळं ग्रुपवर लिहिलं नाही तेव्हा, कारण त्या रात्री त्याचा मेहुणा ड्यूटीवर होता आणि त्याच्या जिवाला घोर होता, ते मला माहीत होतं. आज लिहितेय. रविवारी काका निफाडहून येणार आहेत, त्यालाही बोलावलंय, मैत्रीणही येते म्हणालीय. दादा, तू ये नक्की. मला लिबरल म्हण खुशाल, फक्त तिघांपैकी कोणाच्या अर्थाने ते समोर बसून सांग, आणि माझ्या त्या प्रश्नाचं उत्तरही दे.