करंगळीवरचा अन्याय

पायाच्या करंगळीचं हाड मोडलं तर सहसा प्लास्टर घालत नाहीत. शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधतात आणि घरी धाडतात. त्यामुळे सहानुभूतीच्या नावानं बोंब. भेटायला आलेली मंडळी आधी पायाकडे आणि मग माझ्याकडे संशयानं बघतात. 'दिवाणाला आपटली' हे तर सांगायचीही सोय नाही, म्हणून रजेच्या अर्जात मी भारदस्तपणे 'इंजुरी' लिहून मोकळा झालो.

पडल्या पडल्या त्या शब्दाचं कूळ शोधलं. मूळ लॅटिन 'इन्यूरिया'. 'इन' म्हणजे नाही, 'यूस' म्हणजे हक्क, कायदा. थोडक्यात, इंजुरी म्हणजे अन्याय! ज्यूरी आणि जस्टिस याच भावकीतले.

म्हणजे आमची आजी रोमन कायदाच चालवत होती म्हणायची. नातवंड पडलं की ती जमिनीला चापट मारायची, "हात रे! माझ्या बाळाला लागलं!" आरोपी जागेवर, शिक्षा तत्काळ, फिर्यादी खूश.

रोमनांचं तर दरपत्रकच होतं. इ.स.पू. ४५०च्या सुमाराच्या 'बारा पाट्यां'च्या कायद्यात स्वतंत्र माणसाचं हाड मोडल्यास दंड ३०० अस (हे त्यांचं तांब्याचं नाणं), गुलामाचं मोडल्यास १५० आणि किरकोळ इन्यूरियाला २५. पुढे नाण्याची किंमत उतरली, दर मात्र तेच. मग लुसियस वेरातियस नावाचे एक सद्गृहस्थ दिसेल त्याच्या मुस्कटात भडकावत हिंडू लागले. मागे थैली घेऊन गुलाम. थप्पड बसली की त्यानं जागच्या जागी २५ अस मोजायचे! औलस गेलियस या रोमन लेखकानं हे लिहून ठेवलंय. अखेर प्रेटरांना, म्हणजे तिथल्या न्यायाधिकाऱ्यांना, हा ठरावीक दंड गुंडाळून भरपाई ठरवायला लवाद नेमावे लागले.

माझाही ३०० असांचा दावा तयार आहे. पण प्रतिवादी सागवानी आहे आणि सासऱ्यांनी दिलेला आहे.

फेड्रस या रोमन कथाकाराच्या एका गोष्टीत टकल्या माणसाला माशी चावते. तो तिला मारायला जातो आणि चापट स्वतःच्याच टकलावर बसते. माशी विचारते, इन्यूरियात तू आपणहून अपमानाची भर घातलीस, त्याचं काय करणार?

आमच्याकडे त्यासाठी बायकोची मावशी येते.

"दिवाण नवीन घेतलात का?"

"नाही, लग्नापासूनचाच."

"अगंबाई! मग इतकी वर्षं चुकवत कसे होतात, जावईबापू?"