‘नवा गीझर बिघडला? हात लावू नका, कंपनी बघेल’ : हा सल्ला का पाळू नये

नवा गीझर बसवणाऱ्यांसाठी एक सल्ला हल्ली फार पुढे पाठवला जातो. त्याचा मतितार्थ असा : नवा गीझर पहिल्या दिवसांत बिघडला तर दोष मशीनमध्येच असतो, गळायला लागला तर टाकी फुटलेली असते, स्वतः काही पाहू नका, हात लावलात की वॉरंटी गेली, वॉरंटी आहे तोवर सगळं कंपनीच्या माथी, ज्याने बसवला त्याचा संबंध पैसे दिले तिथेच संपला.

वाचताना हा सल्ला ग्राहकाच्या बाजूचा वाटतो. पण तो पाळला तर काय होतं? कंपनीचा मेकॅनिक येऊन ‘फिटिंगचा दोष’ म्हणतो, प्लंबर ‘मशीनच खराब’ म्हणतो, आणि दोघांना उत्तर द्यायला घरच्या माणसाकडे काहीच नसतं. म्हणून यातलं एकेक विधान तपासलं पाहिजे.

मशीनचा दोष नसतोच असं कुणी म्हणत नाही. तापमान राखणारा थर्मोस्टॅट अडकतो, सांध्यातून पाणी गळू नये म्हणून लावलेलं गॅस्केट नीट बसलेलं नसतं, पाणी तापवणारी कॉइल पहिल्याच आठवड्यात दगा देते. पण कारखान्यातून आलेल्या या वस्तूला पाणी आणि वीज कुणीतरी तुमच्या घरात जोडून देतं, आणि शोध तिथून सुरू करायचा असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टाकी भरायच्या आधी बटण दाबणं. कॉइलची उष्णता भोवतालचं पाणी ओढून घेतं. भोवती नुसती हवा असेल तर ती उष्णता कॉइलमध्येच साठते आणि कॉइल जळते. जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउट वेळेवर पडला तर कॉइल वाचते, पण गीझर मेल्यासारखा दिसतो. नीट रीत अशी : गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडायचा, गीझरकडे येणारं पाणी सोडायचं, नळाची फुसफुस थांबून सलग धार लागेपर्यंत वाट पाहायची, आणि मगच वीज द्यायची. तुमच्याकडे गीझर बसवला तेव्हा हे झालं होतं का, हा पहिला प्रश्न.

दुसरी चूक थंड-गरम जोडण्यांच्या अदलाबदलीची. भिंतीवरच्या उभ्या गीझरची दोन्ही तोंडं साधारणपणे खालीच असतात, निळ्या खुणेचं थंडाचं, लाल खुणेचं गरमाचं. आत मात्र थंड पाणी तळाशी सोडलेलं असतं आणि गरम पाणी एका लांब नळीने माथ्यावरून उचललेलं असतं. उलटं जोडलं की थंड पाणी थेट वरच्या गरम पाण्यात जाऊन मिसळतं, आणि तुम्हाला मिळतं कोमट. मशीन मात्र निर्दोष.

तिसरं कारण गीझरपासून लांब, थंड-गरम पाणी एकत्र करणाऱ्या एखाद्या नळात, म्हणजे मिक्सरमध्ये, लपलेलं असतं. मिक्सरच्या आतला व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तर थंड पाणी तिथूनच गरम लाइनीत शिरतं. याची परीक्षा घरच्या घरी होते, आणि माझ्या मते प्रत्येकाला ती माहीत हवी. गीझरची वीज बंद करा. गीझरच्या खालचा थंड पाण्याचा कॉक बंद करा. आता फक्त गरम पाण्याचा नळ उघडा. थोड्या वेळात धार थांबायला हवी. ती चालूच राहिली तर ते पाणी गीझरमधून येतच नाही, दुसरीकडून येतंय. तपासून झालं की कॉक पुन्हा उघडा, धार लागलेली पाहा, आणि मगच वीज चालू करा.

आणि थोडा हिशोबही करावा. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २००० वॅटच्या कॉइलला सुमारे ३५ मिनिटं लागतात. दहा मिनिटांत पाणी कढत झालं नाही, ही तक्रारच नव्हे.

‘गळतंय म्हणजे टाकी फुटली’ हे विधान मात्र नुसतं चुकीचं नाही, धोक्याचं आहे. पाणी तापलं की फुगतं. २० ते ६० अंशांच्या प्रवासात ते साधारण दीड टक्का वाढतं, म्हणजे २५ लिटरच्या टाकीत पावणेचारशे मिलिलिटरच्या आसपास. थंड पाणी आत येतं त्या तोंडाला पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर या वाढलेल्या पाण्याला मागे जायला वाट नसते. मग जादा दाब बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह थेंब थेंब सोडतो. तो त्याचं काम करतोय.

हे थेंब पाहून कुणी व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारतं, कुणी टेफ्लॉन टेप गुंडाळून ते बंद करतं. कृपा करून हे कधीही करू नका आणि कुणाला करू देऊ नका. थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही निकामी झाले तर टाकी फुटण्यापासून वाचवणारी ती एकच वाट उरते.

गळती कुठली आहे हे ओळखायला कोरडा कागद पुरतो. वीज बंद करून जोड, व्हॉल्व्ह आणि गीझरचा तळ पुसा, प्रत्येक जागी वेगळा कागद दाबून पाहा. फक्त पाणी तापताना व्हॉल्व्हमधून थेंब आले आणि नंतर थांबले, तर ते फुगणारं पाणी. गीझर थंड असतानाही व्हॉल्व्ह वाहतोय, तर लाइनचा दाब जास्त असू शकतो. गीझरवरच्या माहितीच्या पट्टीवर त्याला सोसणारा दाब छापलेला असतो, बऱ्याच मॉडेलांवर ८ बार (बार हे दाबाचं एकक). पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक बार धरा, त्यात पंपाचा दाब मिळवा. दाब खरोखर जास्त निघाला तर लाइनवर तो कमी करणारा व्हॉल्व्ह बसवायला लागतो, आणि ते काम घराचं, वॉरंटीचं नव्हे. दाब ठीक असूनही व्हॉल्व्ह वाहत राहिला तर व्हॉल्व्हच तपासून घ्या. आट्यांच्या जोडातून ओल आली तर ती बसवणाऱ्याची. पण सगळे जोड कोरडे आणि कव्हरच्या आतून पाणी झिरपतंय, तर टाकी किंवा गॅस्केट. तिथे कंपनीला ठामपणे धरा.

‘हात लावलात की वॉरंटी गेली.’ कव्हर उघडू नये हे खरं. आत जिवंत वीज असते आणि कंपनीला सबबही मिळते. पण पाहणं, पुसणं, कॉक बंद करणं, फोटो काढणं, पट्टीवरचा सिरीयल नंबर टिपणं यात कव्हरला हातही लागत नाही. उलट मेकॅनिक यायच्या आधी जोडण्यांचे फोटो काढलेच पाहिजेत, कारण दुरुस्तीनंतर मूळ जोडणी कशी होती ते दाखवायला दुसरं काही उरत नाही. एक गोष्ट मात्र खरंच करू नका : गीझर लावला की आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करत बसू नका, आणि अर्थिंगची तार काढून ‘चालवून’ तर मुळीच पाहू नका. वीज कुठेतरी गळतेय. गीझर बंदच ठेवा.

वॉरंटीचा मोठा आकडा बहुतेक वेळा एकट्या टाकीचा असतो. कॉइल आणि थर्मोस्टॅट यांची मुदत वेगळी, बाकी भागांची आणखी वेगळी, आणि चुकीची जोडणी, जादा दाब, कमी-जास्त व्होल्टेज, क्षार हे बहुधा वगळलेले. कार्डावर हे लिहिलेलं असतं, ते बिघाडाच्या आधी वाचा.

राहिला बसवणारा. त्याने कामाचे पैसे घेतले म्हणजे कामाची जबाबदारीही घेतली, आणि ती कंपनीच्या वॉरंटीपेक्षा वेगळी आहे. कंपनीच्याच अधिकृत माणसाने बसवला असेल तर मात्र फिरणाऱ्या सल्ल्यातला ‘सगळं कंपनीच्या माथी’ हा भाग बराचसा बरोबर ठरतो. फिटिंगचं खापर तिऱ्हाईतावर फोडायला तिथे जागाच नाही. त्यासाठी तो कुणी पाठवला होता याची पावती जपून ठेवा.

मेकॅनिकने दोष जोडणीचा म्हटला तर तोंडी ऐकून घेऊ नका. भेटीच्या कागदावर कारण आणि मोजमाप लिहून मागा : आत येणारं व्होल्टेज, पाण्याचा दाब, कॉइलचा रोध. २३० व्होल्टची २००० वॅटची कॉइल थंड असताना साडेसव्वीस ओहमच्या आसपास दाखवते. तुटलेली असेल तर मीटरवर सर्किटच पूर्ण होत नाही. कोरडी जळल्याचं सांगितलं तर काढलेली कॉइल बघायला मागा आणि तिचा फोटो घ्या. नव्या गीझरची कॉइल आठवड्यात जळाली आणि कारण ‘पाणी क्षारयुक्त’ असं लिहिलं, तर कॉइलवर क्षारांचा थर दाखवायला सांगा. कॉइल जळावी इतका जाड थर बसायला सहसा आठवडा पुरत नाही. आणि कारण ‘कोरडी चालवली’ असंच निघालं तर तोच कागद, त्यावरच्या आकड्यांसकट, ज्याने पहिल्यांदा बटण दाबलं त्याच्यासमोर ठेवा.