बीपी २३० गेलं म्हणून टीएमटी खोटी ठरत नाही

दादा, तुम्ही लिहिलंय की वडिलांना निलंग्याहून लातूरला नेलं, पट्ट्यावर चालताना त्यांचं बीपी २३० झालं, टीएमटी (पट्ट्यावर चालवून ईसीजी काढायची टेस्ट) पॉझिटिव्ह, म्हणजे हृदयाच्या नसांत अडथळ्याची शंका, असं सांगितलं आणि अँजिओग्राफीत नसा साफ निघाल्या. मग अशा टेस्टचं मी कौतुक का करतो, ही तर सरळ लूट आहे, असं तुमचं म्हणणं. कर्ज काढून पैसे भरल्यावर राग येणारच. पण 'टेस्ट खोटी' हे मला पटत नाही.

चालताना वरचं बीपी वाढायलाच हवं. निरोगी माणसाचंही १६० ते २०० पर्यंत जातं. उलट चालता चालता ते खाली आलं तर आम्ही जास्त घाबरतो. पुरुषांत २१० आणि बायकांत १९० च्या वर गेलं की वाढ प्रमाणाबाहेर धरतात, आणि साधारण २५० च्या पुढे गेलं तर टेस्ट थांबवायचा विचार करतात. म्हणजे नुसत्या २३० मुळे कोणी पॉझिटिव्ह ठरत नाही. ते ठरतं ईसीजीतली एसटी रेघ (प्रत्येक ठोक्याच्या लहरीतला एसटी नावाचा भाग) किती खाली गेली यावरून.

आता ही रेघ नसा साफ असतानाही खाली का जाते? हृदयावरचा ताण मोजायला आम्ही ठोके आणि वरचं बीपी यांचा गुणाकार करतो. ठोके १५० आणि बीपी १८० असेल तर २७,०००. तेवढ्याच ठोक्यांना बीपी २३० असेल तर ३४,५००. दाब वाढला की हृदयाच्या भिंतीचा सगळ्यात आतला थर दाबला जातो, त्याला रक्त कमी पडतं आणि ईसीजी बदलतो. बीपी जुनं असून भिंत जाड झालेली असेल तर हे जास्त होतं. बसल्या जागीच ईसीजीत तसा बदल दिसत असेल, तर टीएमटीच्या ईसीजीवर विसंबू नये; स्ट्रेस इको (ताण देऊन केलेली हृदयाची सोनोग्राफी) किंवा थॅलियम स्कॅन (हृदयाला रक्त कुठे कमी पडतं ते दाखवणारा) बरा. (इकोही इतक्या बीपीला कधी कधी चकवतो.)

तेव्हा अँजिओग्राफी चुकीचीच होती, असं मी म्हणणार नाही. वय, शुगर, तंबाखू, छातीत दुखणं, हे सगळं पाहून तो निर्णय होतो.

मला काळजी वेगळीच आहे. 'नसा साफ' ऐकून घरचे निर्धास्त होतात आणि फाइल माळ्यावर जाते. ते २३० मात्र खरं होतं. आज बसून बीपी नॉर्मल येत असलं, तरी अशा माणसाला पुढे कायमचं बीपी जडण्याचा धोका जास्त असतो. घरी सकाळ-संध्याकाळ मोजा, जमलं तर २४ तासांचं मशीन लावून घ्या.

आणखी एक. आपल्याकडे माणसं टेस्टसाठी पहाटेची एसटी धरतात, 'उपाशी या' सांगितलं की बीपीची गोळीही आपणच टाळतात. वडिलांनी तसं केलं होतं का? गोळी बीटा ब्लॉकर (बीपीबरोबर ठोकेही कमी करणारी) असेल तर एकदम बंद केल्याने बीपी आणि ठोके दोन्ही उसळतात, ते धोक्याचंही आहे. उलट ती घेऊन चाललं तर ठोके पुरेसे वाढत नाहीत आणि टेस्ट अर्धवट राहते. म्हणून कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारायचं असतं.

फाइलमध्ये चालण्याआधीचं बीपी, बसलेल्या अवस्थेतला ईसीजी आणि त्या दिवशी घेतलेल्या गोळ्या पाहून इथेच लिहा. नाव-पत्ता झाकून टाका.