आधी पोट भरा, मग तण काढा

मेंढरांना बाधणाऱ्या विषारी तणांवरचा एक लेख वाचला. माळावरच्या अशा तणांवर तणनाशक फवारा, हा त्यातला सल्ला मला धोक्याचा वाटतो. फवारलेलं झुडूप लगेच मरत नाही, आधी कोमेजतं. एरवी ज्याला तोंड लावत नाहीत ते कोमेजलेलं तण मेंढरं खातात आणि विष तर त्यात तसंच असतं.

आमचा वाडा, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारा आमचा तळ, दिवाळीनंतर माणदेशातून कोकणाकडे उतरतो. वाटेत घाणेरीची (लँटानाची) विषारी झुडपं सगळीकडे, पण पोट भरलेलं मेंढरू तिच्याकडे बघत नाही. एका साली आम्ही उपाशी खांड (मेंढरांचा कळप) थेट घाणेरीच्या रानात घातलं. दोन दिवसांत चार मेंढरांचे डोळे पिवळे झाले, नाका-कानांची कातडी उन्हानं सोलली. घाणेरीचं विष यकृतावर जातं आणि मग ऊन सोसत नाही. डॉक्टरांनी आधी सावलीत बांधायला लावलं, मग औषध दिलं. दोन वाचली. त्या दोन गेलेल्या अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

बेशरमी या दुसऱ्या विषारी झुडपाचा उल्लेख लेखात हवाच होता. उन्हाळ्यात कालव्याकडेला तीच तेवढी हिरवी असते. मेंढरांना तिची चटक लागते, मग मान थरथरते, मागचे पाय लटपटतात. पहिल्यांदा लडखडताना दिसलं की त्या रानातून खांड हलवा, उशीर झाला तर जनावर हाती लागत नाही.

घाणेरी फुलं-फळं धरायच्या आत मुळाच्या गड्ड्याखालून तोडावी, नुसती छाटली तर दुप्पट फुटते. आणि तोडलेल्या फांद्या माळावर टाकू नका, कोमेजल्या की मेंढरं त्याही खातात.