समासातले दोघे

पान ५८. समासात बारीक, कोरीव पेन्सिलीने लिहिलेलं : ‘रडू नका. जिवंत आहे. पान ३१२.’

पहिल्या भागाच्या शेवटी नायक, म्हणजे विषाणूंचा अभ्यास करणारा डॉक्टर, बर्फाखालच्या प्रयोगशाळेसकट उडाला होता. मी रीतसर हळहळलो होतो. वाचनालयाच्या चकरा मारून दुसरा भाग मिळवला, ५८व्या पानावर त्याची बायको त्याचा कोट कुरवाळत बसली आणि मी गहिवरायच्या बेतात असताना हे. बरं, ५८वर असताना ३१२ ठाऊक कसं? म्हणजे हा गृहस्थ ३१२ वाचून, पेन्सिलीला टोक काढून, खास माझ्यासाठी मागे आला. एवढी निष्ठा लोक नोकरीत दाखवत नाहीत.

एकटी पेन्सिल मी सोसली असती. पण पुढे निळं बॉलपेन उगवलं. गोठलेल्या जमिनीतून हजारो वर्षांपूर्वीचा विषाणू जागा होतो, तिथे पेन्सिल : ‘अशक्य!’ खाली पेन : ‘आधी वाचा, मग बोला. २०१४ साली सायबेरियातल्या मातीतला ३० हजार वर्षांचा विषाणू शास्त्रज्ञांनी पुन्हा जागा केलाय.’ त्याखाली पेन्सिल, अक्षर जरा मोठं : ‘तो फक्त अमीबाला लागतो. आपण अमीबा आहात का?’

म्हणजे पेन्सिलवाल्याने पुस्तक पुन्हा नेलं होतं! भांडायला!

नायकाचा मित्र ३०० मीटरवरच्या हेलिकॉप्टरमधून समुद्रात उडी मारतो. पेन्सिलीने तिथे गणितच मांडलंय : ताशी २७६ किलोमीटर, पाण्यावर आपटून खलास. पेन : ‘हवेचा विरोध धरला नाहीत. साधारण १८०. शून्य गुण.’ पेन्सिल : ‘१८०ने माणूस मरत नाही?’ पेन : ‘मरतो. पण बरोबर उत्तराने मरतो.’ त्या मित्राचं पुढे काय झालं ते मला आठवत नाही. मी बाण कुठून कुठे जातोय ते पाहत होतो.

मेलेला नायक उठवायला माझी हरकत नाही. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटलं, वाचक खवळले, आणि १९०३ मध्ये स्वारी परत. मुळात पडलोच नव्हतो म्हणे. मायकेल क्रायटनच्या १९९०च्या डायनासोरांच्या कादंबरीत माल्कम हा गणितज्ञ दगावल्याचं कळतं, आणि १९९५च्या पुढच्या भागात तो खुशाल व्याख्यान देत उभा. पण होम्सने निदान वॉटसनला बसवून सगळं सविस्तर सांगितलं. आमचा डॉक्टर ३१२व्या पानावर दार ढकलून येतो, ‘मोठी गोष्ट आहे, नंतर सांगतो’ म्हणतो आणि बंदूक उचलतो. नंतर सांगतच नाही. स्फोट, बर्फ, बायकोचा तो कोट, सगळं वाऱ्यावर. वाचक काय, घेतीलच विकत, हा हिशेब. समासात पेन्सिल : ‘शी.’ पेन : ‘सहमत.’ मलाही तिथे चार शब्द सुनवायचे होते, पण जागा उरली नव्हती.

पुस्तक परत करताना बाईंनी पानं चाळली आणि चष्म्यावरून पाहिलं. “पुस्तक सगळ्यांचं असतं हो.”

“हे माझं अक्षर नाही.”

“सगळे हेच म्हणतात.” दंडाची पावती फाडली आणि वर खोडरबर पुढे सरकवलं. परक्या माणसाची पेन्सिल मी काउंटरवर उभ्याने खोडत होतो, मागे रांग. पेन काही खोडलं जाईना. आता त्या प्रतीत निळं पेन एकटंच कुणावर तरी खेकसत असतं, आणि अमीबाचा तो एकमेव चांगला विनोद माझ्याच हातून गेला.

तिसऱ्या भागासाठी नाव नोंदवायला वही मागितली. माझ्या आधी दोनच नावं होती. पहिलं पेन्सिलीने, दुसरं निळ्या बॉलपेनने.