कार्ड रिकामं ठेवू नये

ग्रंथालयात जाताना यादी नेऊ नका. यादी असली की माणूस हवी ती तीन पुस्तकं घेतो आणि वीस मिनिटांत बाहेर पडतो. तीन पुस्तकं नेणाऱ्याकडे देवघेवीच्या टेबलावर कुणी मान वर करूनही बघत नाही. कार्डावर दहा मिळत असतील तर दहाच न्यायची. नऊ नेऊन एक जागा मोकळी सोडणं म्हणजे पंगतीतून पान अर्धवट टाकून उठणं.

काय न्यायचं, याची चिंता नको. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली सगळं ज्ञान दहा वर्गांत बसवून प्रत्येक वर्गाला क्रमांक देऊन ठेवला आहे : तत्त्वज्ञान १००, विज्ञान ५००, साहित्य ८००, इतिहास ९००. दहा वर्ग, दहा पुस्तकं. यापेक्षा स्पष्ट इशारा कुठला हवा? तेवढंही फिरायचा कंटाळा असेल तर परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली गाठा. तिथली पुस्तकं आधीच कुणीतरी निवडलेली असतात, त्यामुळे आवडनिवड असण्याचीही गरज उरत नाही. आणि घरात ज्यांना वाचनाची मुळीच आवड नाही, अशा सगळ्यांना सभासद करून घ्या. त्यांची कार्डं अगदी कोरी असतात.

आता कुणीतरी हिशेब मांडेल. मांडू द्या. साध्या कादंबरीच्या पानावर अडीचशे ते तीनशे शब्द धरले तर ३०० पानांचे ७५ ते ९० हजार शब्द होतात. मिनिटाला २०० शब्द वाचणाऱ्याला एका पुस्तकाला सव्वासहा ते साडेसात तास लागणार. दहा पुस्तकांचे साडेबासष्ट ते पंचाहत्तर तास. मुदत १४ दिवसांची असेल तर रोज सुमारे साडेचार ते सव्वापाच तास, तेही फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. हा हिशेब पुस्तकं घेण्याआधी करू नये आणि घेतल्यावर तर मुळीच करू नये.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं आपल्या कामाचं आहे : वाचकाचा वेळ वाचवा. आणि वेळ वाचवायचा म्हणजे न वाचणं आलंच.

घरी आल्यावर गठ्ठा उशाशी ठेवा. जाडजूड ग्रंथ तळाला, पातळ पुस्तकं वर; नाहीतर कोसळतो. या रचनेमुळे तळाचा ग्रंथ दोन आठवडे हलत नाही, पण त्याचा कणा पाहुण्यांना नीट दिसतो. एका वेळी पाच-सहा पुस्तकं सुरू करा. खूण म्हणून पान दुमडलं तर दुमडलेला कोपरा कमकुवत होऊन कधीतरी तुटून पडतो, पेन ठेवलं तर डिंकाची बांधणी तिथेच उकलते, आणि चिकट चिठ्ठी लावली तर निघताना गोंद मागे ठेवून जाते. उघडं पुस्तक पालथं घालून ठेवणं सर्वात सोयीचं. पुढच्या सभासदाच्या हातात ते आपोआप त्याच पानावर उघडतं, तुम्ही कुठे थांबलात ते त्यालाही कळतं.

पुस्तकं एकदम आणू नका, तीन फेऱ्यांत आणा. म्हणजे परतीच्याही तीन तारखा होतात आणि तुमच्या लक्षात फक्त शेवटची राहते. मुदत वाढवून घ्यायला गेलात तर एखाद्या पुस्तकावर दुसऱ्याचं आरक्षण निघेल आणि नेमकं तेच वाढवून मिळणार नाही. इथे रंगनाथनांचं तिसरं सूत्र आडवं येतं : प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. पण तो वाचक यादीत नाव घालून बसला आहे आणि पुस्तक तुमच्या उशाशी आहे. तेव्हा दंड भरा. दंडाला देणगी म्हणायची सवय केली की त्रास होत नाही.

मुख्य काम पुढेच आहे. वाचलं कुणी, नाही वाचलं कुणी, मत मात्र ताजं हवं. मलपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावनेची पहिली दोन पानं आणि शेवटचा परिच्छेद. पंधरा मिनिटांत आटोपतं. प्रस्तावना पूर्ण वाचू नका. तिथे बरेचदा कथानकच सांगून टाकलेलं असतं, मग पुस्तक वाचायची उत्सुकता राहत नाही, आणि उत्सुकता आहे असं तर तुम्हाला दाखवायचं आहे.

कथासंग्रह असेल तर ‘सगळ्या कथा सारख्या उतरलेल्या नाहीत’ म्हणा. हे आजवर एकाही संग्रहाबद्दल खोटं ठरलेलं नाही. कादंबरी ‘मध्ये जरा रेंगाळते’. अनुवाद असेल तर ‘मुळातली लय गेली’. मूळ कुठल्या भाषेतलं आहे हे आधी पाहून ठेवलेलं बरं. वैचारिक पुस्तकाला ‘एका लेखाचा ऐवज, पुस्तकभर ताणलाय’ एवढं पुरतं. कवितासंग्रहाबद्दल काही बोलू नका, नुसता सुस्कारा सोडा. आत्मचरित्र मात्र जपून. त्यात जे लिहिलेलं नाही त्याबद्दल बोललात तर सर्वात अभ्यासू दिसाल, पण त्यासाठी आत काय लिहिलंय ते माहीत असावं लागतं. तो प्रकार टाळलेलाच बरा.

मत देताना ‘सध्या वाचतोय’ म्हणावं, ‘वाचलं’ म्हणू नये. वाचत असलेल्याला शेवट कुणी विचारत नाही. तरीही एखादा खरा वाचक समोर आलाच आणि नायिका परत का गेली म्हणून विचारू लागला, तर ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं म्हणून मान हलवत राहा. तो वीस मिनिटं बोलेल. ती वीस मिनिटं पुढच्या ठिकाणी तुमची.

परत करण्याआधी दहाही पुस्तकं मोजा. नऊच भरतील. दहावं तुमच्याच कपाटात तुमच्या पुस्तकांत मिसळलेलं असतं. कण्याच्या खालच्या बाजूची क्रमांकाची चिठ्ठी शोधा. आतली बिलं आणि पावत्याही काढून घ्या. मग पुस्तक मिटून पानांची कड उजेडात धरा. पहिल्या चाळीस पानांची कड मळकट आणि पुढची पांढरीशुभ्र दिसेल. तुमच्या आधी नेणारेही तिथेच थांबले होते, आणि टेबलापलीकडच्या माणसाला ती रेघ वाचता येते. उपाय सोपा आहे : उरलेली पानं अंगठ्याखालून दोन-तीनदा भरभर सोडा, कड सारखी होते. मात्र असं करताना मधल्याच एखाद्या ओळीवर नजर अडकली आणि मागचं पान उलटून बघावंसं वाटू लागलं, तर पुस्तक ताबडतोब मिटा. मुदत आजच संपते आहे.