अडसर श्रद्धेचा की तपासणीच्या नकाराचा?

ईश्वर आणि अंधश्रद्धा यांविषयीच्या एका लेखात, ईश्वर नाकारल्याशिवाय मानवाची प्रगती होणार नाही, असे प्रतिपादन केले आहे; मी स्वतः नास्तिक असूनही मला ते पटत नाही. आनुवंशिकतेचे नियम १८६६ मध्ये प्रसिद्ध करणारे ग्रेगोर मेंडेल हे मठात राहणारे ख्रिस्ती धर्मगुरू होते. उलट, निरीश्वरवादी म्हणवणाऱ्या सोव्हिएत राजवटीने कृषिशास्त्रज्ञ लायसेंको यांच्या, मेंडेल यांचे नियम नाकारणाऱ्या निराधार मतांना आश्रय देऊन १९४८ मध्ये त्याच आनुवंशिकीवर बंदी घातली. त्या मतांना विरोध करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव तर १९४३ मध्येच तुरुंगात मरण पावले होते. म्हणजे देव मानणे किंवा न मानणे यापेक्षा, आपले मत पुराव्यापुढे तपासायला ठेवण्याची तयारी आहे की नाही, हा प्रश्न मला अधिक मूलभूत वाटतो.

अंधश्रद्धेचे मूळ मात्र धर्मापेक्षाही जुने असावे. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९४८ मध्ये कबुतरांना, ती काहीही करोत, ठरावीक वेळाने दाणे दिले, तेव्हा दाणे पडताना योगायोगाने घडलेली हालचाल, कुणी गोल फिरणे तर कुणी मान झटकणे, ती पुन्हा पुन्हा करू लागली, असे त्यांनी नोंदवले. (त्यांच्या या अन्वयार्थावर पुढे आक्षेपही घेतले गेले, हे नमूद करायला हवे.) माणूसही असाच योगायोगाला कारण समजतो, आणि आजारी मुलावरील उपचार जेव्हा अशा योगायोगावर विसंबून लांबवले जातात, तेव्हा त्याची किंमत ते मूल मोजते, म्हणूनच अंधश्रद्धेच्या बाबतीत त्या लेखाच्या लेखकाची तळमळ मला पूर्णपणे मान्य आहे.